ताराकाकींचा सरळ प्रश्न

"दम लागतो का?" हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं विचारला आणि त्याचं एकच उत्तर ऐकलं. "काय नाय." ओठ निळसर, मान खांद्यात रुतलेली, बाकावरून उठून माझ्या टेबलापर्यंत आठ पावलं यायला दोन थांबे घेतलेले, आणि तरी काय नाय. मग मी विचारायचे, काही नाही तर आलात कशाला? त्यावर मुलाकडे बोट. "ह्येनी हाडल्यान." मुलाला विचारावं तर तो बायकोकडे बघणार आणि बायको म्हणणार, "रातभर खोकतत, आमका झोप नाय." म्हणजे त्रास सुनेला. पेशंट ठणठणीत.

मी छातीच्या दवाखान्यातली नर्स. आमच्या सिंधुदुर्गातल्या एका धर्मादाय रुग्णालयात दर गुरुवारी घाटावरून छातीचे डॉक्टर यायचे, आणि उरलेले दिवस तो विभाग माझ्या गळ्यात असायचा. वजन, पंपाची शिकवणी, घरी ऑक्सिजनचं यंत्र बसलं असेल तर तिथे जाऊन बघणं आणि मुख्य म्हणजे फुंकण्याची तपासणी. नाकाला चिमटा लावायचा, यंत्राची नळी तोंडात घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा. हवा किती निघाली आणि किती वेगाने निघाली, यावरून आतल्या नळ्या किती आकसल्यात ते कळतं. माणूस अर्ध्यात सोडून देतो म्हणून शेजारी उभं राहून ओरडावं लागतं, फुंका, फुंका, अजून, सोडू नका. बाहेर बसलेल्यांना वाटायचं आत बाळंतपण चाललंय. पंचक्रोशीत माझं नाव पडलं ते 'फुंकणीवाली बाय'. परबबाई हे खरं नाव माझ्या पगारपत्रकावरच राहिलं.

आता मी निवृत्त होऊन मालवणात घरी बसले आहे. लोक म्हणतात, परबबाई, तुम्ही किती सेवा केलीत. सेवा कसली, निम्मा वेळ माझा चिडण्यात गेला. पंपाचंच घ्या. पंप म्हणजे श्वासातून औषध ओढायचं साधन, चारचौघांना माहीत असलेली गोष्ट. पण आमच्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी पंपात घालायच्या कॅप्सुला महिनाभर दुधाबरोबर गिळल्या आणि औषधाला गुण नाही अशी तक्रार लेखी दिली, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या एका गृहस्थांनी तोंडात मारायचा पंप गळ्याला बाहेरून मारला, कारण खोकला तिथे होता. आणि महामारीनंतर प्रत्येक घरात ते बोटाला लावायचं यंत्र आलं. गणपतीला जमलेली अख्खी भावकी ओळीने बोटं घालून बसते. कोणाचे अठ्ठ्याण्णव, कोणाचे सत्त्याण्णव अशी चढाओढ, आणि ज्याच्यासाठी यंत्र आणलं तो म्हातारा कोपऱ्यात बसून म्हणणार, "माझा नको बगू, हात थंड आसत."

या सगळ्याच्या वर एक समजूत अशी बसलेली, की ती उपटता उपटता मी हात टेकले. पंप लागला म्हणजे शेवट आला. म्हणून पंप लावायचाच नाही, ठेवून द्यायचा. "आताच लावलो तर पुढे काय लावतलंय?" हे मला किती जणांनी ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. अहो, तो काय श्राद्धाचा तांदूळ आहे राखून ठेवायला? आज वापरला तर उद्याचा दिवस बरा जाईल, इतकं साधं ते. पण साधी गोष्ट पटवायलाच जन्म जातो.

तर असं 'काय नाय' ऐकून ऐकून पाचसहा वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच दम लागत नाही. ज्या कामाने दम लागतो ते काम त्यांनी कधीच सोडून दिलेलं असतं. चढावरच्या वाटेने जाणं सोडतात, मग बाजार सोडतात, मग अंघोळीला स्टूल घेतात, मग अंघोळ एक दिवसाआड. इतकं हळूहळू सोडतात की सोडलं हे त्यांनाही कळत नाही, घरच्यांनाही नाही. वय झालं म्हणतात आणि सगळे मोकळे होतात. तेव्हापासून मी दम लागतो का हे विचारणं फक्त कागदापुरतं ठेवलं. त्यानंतर वही काढायचे आणि विचारायचे, काय काय करायचं सोडलंत? आधी लोक गोंधळायचे, मग सांगू लागायचे. डॉक्टर त्या वहीला हसायचे, पण गुरुवारी आले की आधी तीच मागायचे.

ताराकाकी आल्या त्या अशाच 'काय नाय' म्हणत. घाटाच्या पायथ्याचं, वैभववाडीकडचं गाव. साठी ओलांडलेली, काडीसारखे हात, कपाळावर ठसठशीत कुंकू. बरोबर नवरा, भिकाजीकाका. मी काकींना विचारायचं आणि काकांनी उत्तर द्यायचं, असं सुरू झालं.

"तिका तसा काय नाय. वय झाला."

"काका, मी त्यांना विचारतेय."

"व्हय, काय नाय तसा," काकी म्हणाल्या.

मी काकांना चहा प्यायला पिटाळलं आणि वही काढली. विहिरीचं पाणी? नळ आला ना. नळ येण्याआधी? त्याआधीच सोडलेलं, सून आणायची. देऊळ? "खालच्या पायरेवरसून नमस्कार करतंय. देवाक काय, तो खंयसूनय बगता." केस कोण विंचरतं? "रेश्मा. माझी सून." का? "हात वर केलंय काय जीव घाबरो होता." तो मला हवा असलेला शब्द होता. दम नव्हे, धाप नव्हे, पण छाती दुबळी झालेल्या माणसाला हात वर धरवत नाहीत, हे मला पुरेसं होतं. मग मी विचारलं, बोलताना? तर म्हणाल्या, "बोलणा कमी केलंय. घरात मंदा आसा, तिच्यावांगडा हातानच बोलूक लागता. तेका दम लागना नाय."

मंदा म्हणजे त्यांची धाकटी नणंद. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लग्न झालेलं नाही. काकी या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मंदा परकरातली पोर होती. तेव्हापासून दोघींनी मिळून हातांची एक भाषा बनवली होती. ती कोणी शिकवलेली नव्हती आणि तिसऱ्या कोणाला येत नव्हती. भिकाजीकाकांना सख्ख्या बहिणीच्या जेवण, पाणी, ये, जा एवढ्याच खुणा कळायच्या. बाकी काही कळलं नाही की ते मान हलवून अंगणात जायचे.

काकींनी फुंकलं तेव्हा आकडा इतका खाली आला की मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काका चहा पिऊन आले होते, अंगाला विडीचा वास. मला राहवलं नाही, म्हटलं काका, तुम्ही पण फुंका बघू. विडीची चाळीस वर्षं आणि फुंकले तर आकडा तरण्या गड्याला शोभेल असा. काकींनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. त्यांनी काय केलं, तर काजूच्या कारखान्यात भट्टीपाशी बारा वर्षं काढली आणि घरी येऊन उरलेला वेळ चुलीपुढे. धूर तो धूरच, विडीचा असो नाहीतर चुलीतल्या नारळाच्या सोडणाचा. घरात गॅस होता. तो पाहुण्यांच्या चहापुरता होता आणि एरवी त्या शेगडीवर भरतकाम केलेलं कापड घातलेलं असायचं. का, तर काकांना चुलीवरची भाकरी लागते. मी काकांना बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, "मी कदी सांगलंय तिका?" आणि काकी म्हणाल्या, "त्येनी नाय सांगल्यानी." कपाळ माझं.

मी पंप दिला, समोर बसवून तीनदा ओढायला लावला, घरी ठेवायची चिठ्ठी लिहून दिली. महिन्याने त्या आल्या आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून अभिमानाने माझ्यापुढे ठेवलं. पंप. तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला होता, दमट होऊ नये म्हणून. "बगा, कसो नवोकोरो ठेवलंय." मी इतकी भडकले की बाहेरच्या बाकावरची खोकणारी माणसंसुद्धा गप्प झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे आता सुरू करू काय?"

सुरू केला, पण उशीर झाला होता. या आजाराबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. हा रोज थोडाथोडा वाढत नाही. बरेच महिने माणूस आहे तसा राहतो, मग एखादी सर्दी, एखादा धुराचा दिवस, आणि एकदम रुग्णालय. तिथून तो घरी येतो, पण पहिल्यासारखा होऊन येत नाही. एक पायरी उतरून येतो. पुढच्या वेळी आणखी एक. किती दिवस उरलेत हे कोणीही सांगू शकत नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनाही जमत नाही. पण जिना खालीच जातोय, हे मात्र आम्हाला स्पष्ट दिसतं. ते पेशंटला सांगायचं कोणी? डॉक्टर म्हणायचे, सिस्टर समजावून सांगतील. मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील. आणि पेशंट त्या दोन खोल्यांच्या मधल्या बाकावर बसून राहायचा. या टोलवाटोलवीवर मी घरी जाऊन चरफडायचे, पण दुसऱ्या दिवशी परत तेच करायचे.

होळीच्या आधी काकींना भरती करावं लागलं. आठ दिवस. घरी काजूची गडबड होती आणि रेश्मा, म्हणजे सून, एकटीच घर आणि बाग बघत होती, नवरा तिचा गोव्याला कामाला. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती रडकुंडीला येऊन. मंदा जेवत नव्हती. पोटाखाली चिमूट धरून मीठ भुरभुरल्यासारखी खूण करत होती. रेश्माने पेजेत मीठ घातलं, तिने वाटी फेकली. आणखी मीठ घातलं, तिने रेश्माचा हात झटकला. मी काकींच्या खाटेपाशी जाऊन त्यांना ती खूण करून दाखवली. नाकात नळी, बोलायची ताकद नाही, पण डोळे विस्फारले. "जळजळता तिका. लगवेक." मंदाला चार दिवस लघवीची जळजळ होत होती, अंगात ताप भरला होता, आणि घरातली शहाणी माणसं तिला मीठ वाढत होती. औषध दिल्यावर दोन दिवसांत ती बरी झाली. काकी मात्र त्या दिवसापासून छताकडे बघत पडून राहायच्या.

घरी सोडायच्या दिवशी भिकाजीकाका रिक्षा बघायला गेले. काकींनी ते फाटकाबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि मला जवळ बोलावलं.

"बाय, एक इचारतंय. खरा सांगा. ह्या बरा होवचा नाय मां?"

मी हातातला रिपोर्ट चाळू लागले.

"माका किती वर्सा आसत तां सांगा. वर्सा नसतीत तर म्हयने सांगा. माका मराचा भय नाय. मंदाचा ठरवूक व्हया. तिच्यो खुणो माझ्याशिवाय कोणाक कळनत नाय."

सत्तावीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. एरवी मी ओरडत होते ना, नीट सांगा, खरं सांगा, लपवू नका म्हणून? इथे एक बाई खरं सांगून खरं मागत होती. आणि मी काय उत्तर दिलं? "असं कोणी सांगू शकत नाही हो काकी. पंप नीट घ्या, चूल सोडा, काही होत नाही तुम्हाला. मंदाला तुम्हीच सांभाळणार आहात." त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं आणि मी त्याच्या आड लपले. त्यांची काकणं कोपरापर्यंत वर सरकत होती, दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलं होतं, रिपोर्ट माझ्या हातात होता. मला जिना दिसत होता.

काकींच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून आठवते आणि आठवली की माझाच राग येतो. "मगे बरा," त्या म्हणाल्या. "आता काजी आसत, आंबे आसत, रेश्माक टायम नाय. पावस सरल्यार बसवतंय तिका शिकवूक." रिक्षा आली, काकांनी पिशवी उचलली आणि ती दोघं गेली.

मी नंतर मे महिन्यात दोनदा त्यांच्या घरी गेले. चूल बंद झाली होती, शेगडीवरचं भरतकाम निघालं होतं, पंप देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला आणि वापरलेला दिसत होता. माझं मन मला सांगू लागलं, बघ, सगळं ठीक चाललंय, उगाच का तिला घाबरवायचं होतं? परसात मंदा काकींना हातवारे करून काहीतरी सांगत होती, बोटं आभाळाकडे, मग गुडघ्याला, मग दोघी हसल्या. मी विचारलं, काय म्हणते? "काय नाय, आमचा आपला," काकी म्हणाल्या. मी विचारलंही नाही पुढे.

गणपतीत काय झालं ते सांगायला नको. पाहुणे, ओली लाकडं, एकवीस मोदक आणि ते गॅसवर उकडले तर गणपती रुसतो असं कोणीतरी म्हातारी बोलली. घरात धूर भरला. चौथ्या दिवशी काकींना रुग्णवाहिकेतून आणलं. या वेळी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं, दिवसातले पंधरा तास तरी. भिकाजीकाका म्हणाले, देवाला विचारून सांगतो. गावी जाऊन कौल लावला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते का डावी ते बघायचं, तो कौल. देवाने उजवी दिली. डावी दिली असती तर त्या देवाला मी काय बोलले असते कोण जाणे. पण काकांना दोष तरी काय द्यायचा? मी एवढी शिकलेली, आणि मला विचारलं होतं तेव्हा मीही डाव्या-उजव्याचाच खेळ केला होता.

काकी घरी जायच्या आदल्या दिवशी मी स्टूल ओढून त्यांच्या खाटेपाशी बसले. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटची माणसं जेवायला गेली होती. म्हटलं, "काकी, होळीला तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले. पुढचा उन्हाळा तुम्ही बघाल असं मला वाटत नाही. कदाचित बघालही, मी देव नाही. पण मंदाचं काय करायचं ते आता करा, थांबू नका."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाकातली नळी सरळ केली, दोन श्वास घेतले आणि मला झापायला सुरुवात केली. तुकड्यातुकड्याने, मध्ये थांबत, पण झापलं.

"होळयेक सांगूचा होता. सा म्हयने गेले माझे. तेवा हात चालत होते, बोलूक येय होता. मी रेश्माक काजीत घेवन फिरलंय आसतंय. आता ह्या खाटीर बसान काय शिकवू?" मग जरा दम घेतला. "माका रडूक येयत म्हणान नाय सांगलात, असा नाय. माका रडताना तुमका बगूक जमाचा नाय, म्हणान नाय सांगलात."

खरं होतं ते. पेशंटला धक्का बसू नये, पेशंटची उमेद जाऊ नये, असं आम्ही म्हणतो. खरं तर आम्हाला तो चेहरा बघायचा नसतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वेळ घालवला नाही. रेश्माने घरी गेल्यावर मोबाइल काढला आणि काकींच्या खाटेसमोर पाट उभा करून त्याला टेकवून ठेवला. मंदाला शेजारी बसवलं. काकी एक खूण करायच्या, मंदा ती नीट करून दाखवायची, कधी कधी काकींची चूक सुधारायची, आणि काकी तिचा अर्थ सांगायच्या. सांगताना दोन शब्दांत एक थांबा. पण हात मात्र अजून चांगले चालायचे, छातीपुढेच ठेवून केले तर. मी रविवारी स्कूटरने जायचे तेव्हा यंत्राची घरघर ओटीपर्यंत ऐकू यायची आणि आत या तिघी कामाला लागलेल्या असायच्या. भीती वाटते. डोकं दुखतं, कानाच्या मागून. त्या माणसाला घरात घेऊ नको. पाळी कशी सांगायची, ते आता लागत नाही तरी काकींनी घेतलं. भिकाजीकाकाही एकदा येऊन बसले, पंचावन्न वर्षांच्या बहिणीची 'माका कंटाळो इलो' ही खूण पहिल्यांदा शिकले आणि डोळे पुसत बाहेर गेले. लाइट गेली की यंत्र बंद पडायचं, मग रेश्मा मोठ्या सिलिंडरची नळी जोडून द्यायची आणि पुन्हा मोबाइल लावायची. वीज कंपनीच्या नावाने तिने जे उच्चारलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

एक अडचण मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. दोन आठवड्यांत नव्वदएक खुणा झाल्या आणि काकी अडकल्या. आठवेनात. त्या भाषेचं पुस्तक नव्हतं, ती लागेल तशी हातातून निघायची. भात कापणीचे दिवस होते म्हणून भाताच्या, पेंढ्याच्या, दिवाळीच्या खुणा आपोआप निघत. पण काजू-आंब्याच्या दिवसांतल्या, पावसातल्या खुणा?

"मंदा करता तेवा माका कळता," काकी म्हणाल्या. "करूक लागल्याशिवाय माका आटवना नाय. तिकाय आटवना नाय. उन्हाळ्यातल्यो उन्हाळ्यातच येतीत."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम. रेश्माने मोबाइल पुसून परत पाटाला टेकवला आणि सासूला म्हणाली, "ऱ्हवांदे आवय, आसत त्यो घेवया."

पाच आठवड्यांनी, त्रिपुरी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, काकी गेल्या. घरीच गेल्या, दुपारच्या जेवणानंतर, मंदाचा हात धरून. मंदाला हे कसं सांगायचं ती खूण आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवलेली होती. रेश्माने ती केली.

यंदाच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. जायला मला सहा महिने लागले, आणि निवृत्तीच्या गडबडीचं निमित्त संपल्यावर मग सबब उरली नाही. मंदा अंगावर भरली होती, केसांना तेल, स्वच्छ लुगडं. रेश्मा आणि ती दोघी परसात काजूच्या बिया वेगळ्या करत होत्या आणि हातांनी भांडत होत्या, चक्क भांडत होत्या. मला बरं वाटलं. मग मंदाने मान वर करून आंब्याकडे पाहिलं, दोन्ही तळहात एकमेकांवर उलटे ठेवले आणि छातीकडे ओढले. रेश्मा थांबली. मंदाने पुन्हा केलं. रेश्माने हातांनी विचारलं, आंबो? नाही. गरम होता? नाही. वारो? मंदाने तिसऱ्यांदा केलं, हळू, लहान पोराला सांगावं तसं, आणि मग हात मांडीवर ठेवून ती बियांकडे बघत बसली.

रेश्माने लुगड्याला हात पुसले, मोबाइल काढला आणि मंदाला पुन्हा एकदा करायला लावलं. मोबाइलमध्ये तिने एक वेगळा भाग केला होता, 'न कळलेल्यो' नावाचा. चैत्रापासून त्यात सतरा खुणा जमा झाल्या होत्या.

मला तिथे बसवेना. मी म्हटलं, "रेश्मा, गेल्या वर्षीच्या होळीला काकींनी मला विचारलं होतं. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर या सगळ्या त्यांनी तुला..."

"म्हायत आसा माका," रेश्मा म्हणाली. "आवयन सांगल्यान होता."

तिने माझ्याकडे पाट सरकवला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "इलास हास तर बसा. तुमी त्या वर्सा दोनदा इल्ले ना हय, मे म्हयन्यात? आवय नि ही परसात बोलत होत्यो, तुमी बगल्यात. कदाचित यांतली एखादी तुमका आटवात."

मी बसले. सतराच्या सतरा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. मंदा माझ्या शेजारी येऊन बसली आणि प्रत्येक खुणेनंतर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.